एका दिवसाचा ओमर

मान्ना म्हणजे इस्राएल लोकांना रानात देवाकडून रोज मिळालेलं अन्न. तो गोळा करण्याचे नियम बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहेत, आणि ते रेशन दुकानाच्या फळ्यावर लिहिल्यासारखे रोखठोक आहेत. दरडोई एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या मापाने साधारण दोन लिटर. सकाळीच उचलायचा, कारण ऊन तापलं की तो वितळून जातो. उद्यासाठी ठेवायचा नाही. ठेवला तर किडे पडतात आणि घाण सुटते. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट उचलायचा, कारण सातव्या दिवशी रानात काही मिळणार नाही. त्या दुप्पट हिश्श्यातला रात्रभर ठेवलेला मान्ना नासत नाही.

चिंता बाजूला ठेवून एकेका दिवसापुरता देवावर भरवसा टाकायला शिकण्याचा जो क्रम आम्ही मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घेतो, तो याच नियमांवर बेतलेला आहे. क्रम चाळीस दिवसांचा. उपवासकाळात घेतला तर सोयीचं पडतं. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारपर्यंत रविवार वगळून मोजले की बरोबर चाळीस दिवस भरतात, आणि या क्रमातही रविवारी वही उघडायची नसते. साहित्य एवढंच: एक लहान वही, पेन्सिल, पवित्र शास्त्र, आणि सकाळी मोबाइल हातात घेण्याआधीची वीस मिनिटं.

त्याआधी एक शब्द निवडून घ्यावा लागतो. मराठीत 'काळजी' दोन कामं करते. 'आईची काळजी घेते' यातही काळजी आणि 'आईची काळजी वाटते' यातही काळजी. म्हणून 'काळजी करू नकोस' म्हटलं की दहावीतल्या मुलाच्या आईला वाटतं, मुलाकडे लक्षच देऊ नको असं सांगताहेत, आणि ती पुढचं काही ऐकत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं पाचव्या अध्यायाचं सातवं वचन मराठी भाषांतरात वाचावं. चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. टाकायची ती चिंता, घ्यायची ती काळजी. मूळ ग्रीकमध्येही हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्या बैठकीत आम्ही एवढंच करतो. प्रत्येकानं आपल्या काळजीतली चिंता कोणती आणि सेवा कोणती ते वेगळं काढायचं. तासभर पुरत नाही.

आता वहीचं पान. वर तारीख, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'आजचं', उजवीकडे 'प्रभूचं'. त्याआधी पानाच्या माथ्यावर एक ओळ आभाराची. ती कालच्या दिवसातली आणि नेमकी हवी. 'आरोग्याबद्दल आभार' चालत नाही. 'काल नळाला पाणी वेळेवर आलं', 'साहेबांनी रजा मंजूर केली', असं. फिलिप्पैकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात मागणी आभारासह कळवायला सांगितलं आहे. पण आभार मागाहून लिहायचे ठेवले की ते राहूनच जातात, म्हणून आम्ही ते वर घेतले.

मग मनात घोळणारं लिहायचं. इथे बहुतेक जण विषय लिहितात. 'कर्ज', 'लग्न', 'तब्येत'. विषयाला चिंता म्हणत नाहीत. पहाटे तीनला जाग आल्यावर डोक्यात जे वाक्य फिरतं, ते जसंच्या तसं कागदावर यायला हवं. 'वीस तारखेला हप्ता १४,५०० आणि खात्यात ६,२००.' आकडा लिहिला की चिंतेला काठ येतो. आकड्याशिवायची चिंता धुक्यासारखी असते, घरभर पसरलेली आणि कशातही न मावणारी. कुणी कुणी आकडा लिहायला घाबरतात. दोन-दोन दिवस पासबुक उघडत नाहीत. त्यांना आम्ही पहिल्या आठवड्यात एवढंच काम देतो: रक्कम बघून या आणि लिहा.

लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा. आज झोपण्याआधी याबाबत माझ्या हातून काही होण्यासारखं आहे का? असेल तर ते काम क्रियापदासह डावीकडे: 'बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पुढे ढकलता येईल का विचारणे.' नसेल तर उजवीकडे. डावीकडे तीनपेक्षा जास्त कामं नकोत. तीन हाच त्या दिवसाचा ओमर. चौथं सुचलं तर आधीच्या तिनांपैकी एक खोडायचं. हा नियम लोकांना सगळ्यात जाचतो, विशेषतः घर चालवणाऱ्या बायांना. त्यांचं म्हणणं रास्त आहे. स्वयंपाक, डबे, सासऱ्यांची औषधं ही रोजची कामं वहीत धरायची नाहीत. वही फक्त ज्या कामाला चिंता चिकटली आहे त्याची.

उजव्या बाजूचं काय करायचं? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, हिज्कीया राजाला अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र येतं. तो ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर उलगडून ठेवतो. आम्ही अगदी हेच करायला सांगतो. बायोप्सीचा रिपोर्ट, कॉलेजच्या फीची पावती, कोर्टाची नोटीस, जे काही असेल ते घडी उघडून शास्त्राशेजारी ठेवायचं. मग उजवीकडची प्रत्येक ओळ एकदा, आवाज काढून वाचायची आणि येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीवर थांबून श्वास घ्यायचा. त्या ओळीत 'रोजची' ज्या शब्दासाठी आलं आहे तो ग्रीक शब्द नव्या करारात प्रभूच्या प्रार्थनेबाहेर कुठेच येत नाही. 'आजची', 'जगायला लागेल तेवढी', 'येणाऱ्या दिवसाची' असे त्याचे अर्थ अभ्यासक लावतात. तिन्ही अर्थ घेतले तरी माप एका दिवसाचंच राहतं. ज्यांनी ती प्रार्थना प्रथम ऐकली त्यांच्यात हजेरीवर राबणारे लोक होते, आणि मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची आज्ञा आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. महिन्याच्या पगाराची सवय लागलेल्यांना ही ओळ नुसती म्हणायची वाटते. नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

संध्याकाळी पाच मिनिटं. डावीकडची झालेली कामं खोडायची आणि वही मिटायची. राहिलेली कामं उद्याच्या पानावर उतरवून काढायची नाहीत. उद्या सकाळी कोरं पान, आणि आठवेल तेच लिहायचं. खरं काम सकाळी आपोआप आठवतं. पण कालच्या उजव्या रकान्यातल्या कितीतरी ओळी आठवतच नाहीत, आणि मागचं पान उलटून पाहिलं की माणूस चकित होतो: यासाठी मी काल रात्री जागा होतो? शिळा मान्ना नासतो तो असा. फक्त कालचं पान नव्या पानावर उतरवून ठेवलं नाही तरच तो नासलेला दिसतो.

रात्री जाग आलीच तर उशाशी एक चिठ्ठी असते. अंधारातच एक शब्द लिहायचा आणि 'हे सकाळचं' एवढं म्हणायचं. दिवा लावायचा नाही, मोबाइल तर नाहीच. रात्री तीनला बँक उघडी नसते आणि डॉक्टरही फोन उचलत नाही, म्हणजे त्या वेळी डावा रकाना रिकामाच असणार.

शनिवारची संध्याकाळ वेगळी. सहाव्या दिवसाचा दुप्पट मान्ना म्हणजे काय, याचा विचार करताना आमच्या लक्षात आलं की पुढचं बघायला देवानंच एक दिवस नेमून दिला आहे. म्हणून पुढच्या आठवड्याचं आणि महिन्याचं नियोजन शनिवारी: पाऊण तास, कॅलेंडर आणि पासबुक समोर घेऊन. हप्ते, विम्याची तारीख, मुलाच्या सीईटीचा फॉर्म, बियाण्याची खरेदी. जे बुधवारी आठवलं ते 'शनिवारचं' म्हणून मागच्या पानावर टाकायचं. चिंता करू नका म्हणजे योजना करू नका, असं सांगणाऱ्यांनी योसेफानं दुष्काळासाठी भरलेली कोठारं वाचलेली नसतात. सात वर्षं धान्य साठवणं हा अविश्वास नव्हता, कारण तेवढं साठवायला सांगितलेलं होतं. नीतिसूत्रांतल्या मुंगीलाही कुणी चिंतातुर म्हणत नाही. आणि आकाशातली पाखरं पेरत नाहीत हे खरं, पण पिल्लं झाल्यावर चिमणी दिवसभरात किती फेऱ्या मारते, ते वळचणीखाली बसणाऱ्याला विचारा. फक्त चिमणी उद्याच्या फेऱ्या आज मारत नाही.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत अनेक मंडळ्या आहेत आणि तिथले बरेच लोक शेतीवर जगतात. त्यांच्यासाठी ही रकान्यांची वाटणी मे-जूनमध्ये फार स्वच्छ होते. बियाणं, नांगरट, विहिरीवरची मोटार हे डावीकडे, पाऊस उजवीकडे. उपदेशकाच्या अकराव्या अध्यायात म्हटलं आहे की वाऱ्याकडे बघत बसणारा पेरणी करत नाही. मोबाइलवर तासातासाला हवामान बघणं हे आजचं वारा बघणं आहे. त्यासाठी आम्ही दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अशी मर्यादा घालून देतो.

पैशाबाबत एक जास्तीचा नियम आहे. चाळीस दिवस नवी उधारी नाही. किराण्याचं खातं बंद, हप्त्यावर वस्तू नाही, क्रेडिट कार्ड कपाटात. चालू कर्जाचे हप्ते अर्थात भरायचेच. उधारी म्हणजे उद्याचा मान्ना आज खाणं, आणि मग उद्याची चिंता ओघानंच आली. हे आम्ही जॉर्ज म्यूलरकडून घेतलं. प्रशियात १८०५ साली जन्मलेला हा माणूस इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ पासून अनाथालयं चालवत होता. १८९८ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोवर दहा हजारांवर मुलं त्या घरांत वाढली होती. त्यानं माणसांकडे पैसे मागितले नाहीत, फक्त देवाकडे मागितले, एवढं सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे की पाव आणि दुधाचं आठवड्याचं बिल त्यानं बंद केलं आणि रोजच्या रोज रोख देऊनच घ्यायचं ठरवलं, दुकानदार आठवड्यानं घ्यायला तयार असला तरी. शिवाय तो पै पैची नोंद ठेवायचा आणि हिशेब छापून जाहीर करायचा. त्याच्या विश्वासाची गोष्ट सांगताना त्याची खतावणी वगळली की उरते ती चमत्कारकथा, आणि तिचा सोमवारी सकाळी उपयोग होत नाही.

पंडिता रमाबाईंनी म्यूलरचं चरित्र वाचलं होतं, आणि हिंदुस्थानात असं कुणी करून पाहील का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पुण्याजवळ केडगावला त्यांचं मुक्तिसदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि बाया तिथे होत्या. पुढे १९००च्या सुमाराच्या दुष्काळात आणखी आल्या. त्या काळातल्या विहिरींबद्दल रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हजारावर माणसं, शिवाय गुरं आणि बांधकाम. दोन्ही विहिरींचं पाणी रोज उपसून संपायचं. संध्याकाळी तळ दिसायचा आणि उद्याचं पाणी कुठून येणार असं वाटायचं. सकाळी पुन्हा पाणी चढलेलं असायचं, दिवसभर पुरेल इतकं. विहिरी काठोकाठ भरल्या असं त्या म्हणत नाहीत, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. तळ रोज दिसतच होता. आणि त्याच मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखाना होता. डावा रकानाही रिकामा नव्हता.

आता बिघडतं कुठे ते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान जवळजवळ प्रत्येकाचं बिघडतं. पहिले दोन दिवस नव्याचे असतात, हलकं वाटतं. मग एका रात्री चिंता दुपटीनं परत येते आणि माणूस म्हणतो, माझाच विश्वास कमी. यात विश्वासाचा प्रश्न येत नाही. इतके दिवस चिंतेला दिवसभर वाव होता, आता सगळी एका कागदावर आणल्यामुळे ती पहिल्यांदा एकत्र दिसते. पानावर ओळी जास्त होतील, होऊ द्याव्या. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत त्या उतरायला लागतात. एकदम नाहीशा मात्र होत नाहीत, आणि व्हाव्यात अशी अपेक्षाही ठेवू नये.

दुसरा बिघाड ओळखायला अवघड, कारण तो गुडघे टेकलेल्या अवस्थेत होतो. माणूस अर्धा तास प्रार्थना करतो आणि उठतो तेव्हा जास्त घाबरलेला असतो. ऐकलं तर कळतं की त्यानं प्रार्थना केलीच नाही, चिंताच मोठ्यानं केली आणि शेवटी आमेन लावलं. 'प्रभू, रिपोर्ट वाईट आला तर काय होईल, मग मुलांचं काय, मग घराचं काय...' अशी एकेक पायरी उतरत तो तळघरात जातो. उपाय साधा आहे. एका गोष्टीसाठी एकच वाक्य, आणि त्या वाक्यात 'तर' नको. 'रिपोर्ट आला तर' नाही. 'आज दुपारी चारला रिपोर्ट मिळेल, तेव्हा तू माझ्याबरोबर ये.' लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा पुन्हा पुन्हा न्यायाधीशाकडे जाते, मग वारंवार मागण्यात काय चुकलं, असं कुणीतरी विचारतंच. काहीच चुकलं नाही. पण ती दर वेळी त्याच्याकडे जाते. चिंता करणारा न्यायाधीशाच्या दाराबाहेर बसून स्वतःशीच खटला चालवत असतो.

तिसरी गडबड रकान्यांची अदलाबदल. भित्रा माणूस आपली कामं उजवीकडे सरकवतो. भावाशी जमिनीच्या वाटणीबद्दल बोलायचं असतं, पण तो 'प्रभू बघून घेईल' म्हणतो. धडाडीचा माणूस उलट करतो. मुलाचा निकाल, सुनेचा स्वभाव, साहेबाचं मन, सगळं डावीकडे ओढतो. पंधराव्या दिवशी आम्ही वही न वाचता फक्त दोन रकान्यांतल्या ओळी मोजायला सांगतो. डावीकडे रोजच एखादीच ओळ किंवा उजवीकडे काहीच नाही, असं दिसलं की ज्याचं त्याला कळतं. दुसऱ्याची वही कुणी वाचायची नाही, नवराबायकोनंही एकमेकांची नाही. हा नियम मोडला की तिसऱ्या दिवसापासून वहीत फक्त सभ्य चिंता येतात.

चौथी गोष्ट मंडळीकडूनच होते, आणि तिचा आम्हाला राग आहे. चाळीस दिवस झाले की साक्ष द्यायला उभं करतात. मग ज्याला नोकरी लागली तो पुढे येतो. ज्याची लागली नाही तो मागच्या बाकावर बसून आपलं काय चुकलं याचा हिशेब करतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा शेवट 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' असा आहे. म्हणजे दिवसाला त्याचं दुःख आहेच, हे त्या वचनात गृहीत आहे. दुःख येणार नाही असं आश्वासन तिथे शोधून सापडत नाही. म्हणून आमच्याकडे शेवटच्या बैठकीत निकालांच्या साक्षी नसतात. कुणाला बोलायचं असेल तर एका दिवसाबद्दल बोलावं, आणि तो दिवस कसा काढला तेवढंच सांगावं.

काहींसाठी मात्र ही वही अपुरी असते आणि ते वेळेवर ओळखावं लागतं. दोन-तीन आठवडे झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर त्याला आणखी प्रार्थना सांगू नये, डॉक्टरकडे न्यावं. चालू गोळ्या 'विश्वासानं' बंद करायला सांगणाऱ्याला तिथेच थांबवावं, मग तो पाळक असला तरी. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, ती मराठीतही बोलते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. मग पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी.

चाळीस दिवस संपल्यावर बरेच जण वही सोडतात आणि शनिवार तेवढा ठेवतात. ते बरंच आहे. यहोशवाच्या पाचव्या अध्यायात लोक कनानचं धान्य खाऊ लागले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याची नोंद नाही. वहीचं मात्र एक पान ठेवायला आम्ही सांगतो, बाकीची फाडली तरी चालतात. मोशेचा भाऊ अहरोन यानं एक ओमर मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवला होता, तो नासला नाही. कोणतं पान ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. बहुतेक जण नोकरीचं पत्र आलं त्या दिवसाचं किंवा रिपोर्ट चांगला आला त्या दिवसाचं पान काढतात. आम्ही त्यांना अधलंमधलं एखादं शोधायला लावतो, सतराव्या किंवा तेविसाव्या दिवसाचं: डावीकडे दोन कामं, त्यातलं एक खोडलेलं, उजवीकडे चार ओळी, आणि माथ्यावर 'काल लाइट गेली नाही'.